सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर : आंतरवासितेतल्या प्रकल्प नोंदी

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका), द्वितीय वर्ष. आंतरवासिता, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचा सराव. त्यातला कृती संशोधनाचा प्रकल्प: वर्गातली एक अडचण निवडायची आणि उपाय करून पाहायचा. शाळा जत तालुक्यातली (सांगली जिल्हा, कर्नाटकच्या सीमेलगत), जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट ५२. माझा वर्ग दुसरी, मुलं १३. त्यांतल्या चौघांच्या घरी कन्नड बोलतात. मुलांची खरी नावं वहीत लिहायची नाहीत, म्हणून टोपणनावं दिली आहेत: बोर, मटकी, हुरडा, चिंचोका. बाकीच्यांना लागतील तशी देईन.

१ जुलै २०२४, सोमवार

जतहून एसटी, फाट्यावर उतरून पाऊण किलोमीटर चालत. दोन खोल्या, व्हरांडा, कडेला स्वयंपाकाची पत्र्याची खोली. गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक, त्यांच्याकडे तिसरी-चौथी. बाईंकडे एकाच खोलीत पहिली आणि दुसरी. पहिलीचं तोंड खिडकीकडे, दुसरीचं फळ्याकडे. बाईंना मुलं ‘मोठ्या बाई’ म्हणायला लागली, म्हणजे मी आपोआप ‘नव्या बाई’ झाले.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “घ्या एक पाठ.” माझं टाचण तयार होतं, ३५ मिनिटांचं: प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन. ते ११ मिनिटांत संपलं. उरलेल्या २४ मिनिटांत मी तीच गोष्ट दोनदा सांगितली आणि एक गाणं घेतलं. ते गाणं मुलांना येत होतं, मला अर्धंच.

कॉलेजात सूक्ष्म अध्यापनाचं चक्र ३६ मिनिटांचं असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटं नव्यानं आखणी, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा चर्चा. समोर मैत्रिणीच मुलं होऊन बसतात. त्या मुलांना कधी लघवीला लागत नाही. त्यांच्या पेन्सिली शेजारचा चावत नाही. आज तेरातल्या पाच जणांना एकामागोमाग लागली.

३ जुलै, बुधवार

व्हरांड्यात काळ्या रंगानं रंगवलेला छोटा फळा आहे. पांढऱ्या रेघांची दोन घरं: ‘पट’ आणि ‘हजर’. रोज दुसरीतलं एक मूल गुरुजींकडून हजेरीचा आकडा ऐकून येतं आणि खडूनं लिहितं. तो पाहून मावशी खिचडीचा तांदूळ मोजतात. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम.

आज मान बोरचा होता. गुरुजी आतून म्हणाले, “सत्तेचाळीस.” बोर पळत आला, टाचा उंच करून लिहिलं आणि पळत गेला. मावशी पातेलं घेऊन बाहेर आल्या, फळ्याकडे पाहिलं.

“चौऱ्याहत्तर? आज गावात यात्रा हाय का काय?”

सगळी शाळा हसली. बोर नाही हसला. त्यानं शर्टाच्या बाहीनं आकडा पुसला आणि जागेवर जाऊन बसला. ४ किलो ७०० ऐवजी ७ किलो ४०० तांदूळ शिजला असता, हे मी डोक्यात करून पाहिलं, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना. बाई म्हणाल्या, “उलटं लिहितात सगळीच. दरवर्षीचं आहे. दिवाळीपर्यंत जातं.” मी विचारलं, कसं जातं? त्या जरा थांबून म्हणाल्या, “जातं.”

कृती संशोधनाचा विषय मी ‘वाचनातील अडचणी’ असा लिहून दिला होता. तो उद्या बदलायला फोन करणार आहे.

५ जुलै, शुक्रवार

विषय बदलून मिळाला. आज संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. चौकटीची वही, दहा संख्या: १४, २७, २९, ३६, ३९, ४१, ४७, ५३, ६८, ७२. बारा मुलं हजर, म्हणजे १२० उत्तरं. बरोबर ५८. आकड्यांची अदलाबदल ३७. बाकी २५ रिकामी किंवा भलतीच.

संध्याकाळी वह्या घेऊन बसले. ३६ ची गंमत वाटली. भांडणाऱ्या दोघांना आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. सहा मुलांनी ६३ लिहून दोघांना समोरासमोर बसवलंय. लाल पेनानं चूक करायचं जिवावर आलं.

पण हे ‘उलटं’ नाही. मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. सत्ता-वीस. सात आधी ऐकू येतो, वीस मागून येतं. मूल ऐकलेल्या क्रमानं लिहितंय: ७, मग २. श्रुतलेखनात अक्षरांना आम्ही हेच तर शिकवतो, ऐकाल तसं लिहा. ‘कमळ’ लिहिताना जे बरोबर, ते सत्तावीसला चूक, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

२९ आणि ३९ ची चूक निराळी. तिथं अदलाबदल नाही. एकोणतीसला कुणी ३९ लिहिलंय, कुणी ३१. ‘तीस’ ऐकलं की ३ पक्का, आणि त्याआधीच्या ‘एकोण’मधून कुणाला ‘नऊवालं काहीतरी’ आठवतंय, कुणाला नुसता ‘एक’.

८ जुलै, सोमवार

गुरुजींना वह्या दाखवल्या. ते म्हणाले, “हे २०१९ साली फार गाजलं होतं.”

मला अंधूक आठवतं. तेव्हा मी शाळेतच होते. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीनं ‘वीस एक’, ‘बावीस’च्या जोडीनं ‘वीस दोन’ असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं असं होतं की त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांसारखी जोडाक्षरांची नावं लहान मुलांना जड जातात आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाशी जुळत नाही. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही ठेवली होती. पण आमच्या घरच्या व्हॉट्सॲपवर फक्त विनोद आले. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातला ‘वीस’ काढून तिथं ‘दोन शून्य’ बसवणारा विनोद तर विधानसभेपर्यंत गेला. मीही तो पुढे पाठवला होता. आता बारा वह्या पुढ्यात घेऊन बसल्यावर वाटतं, त्या चर्चेत दुसरीतल्या मुलाची वही कुणी उघडून पाहिली असती तर बरं झालं असतं.

गुरुजी मात्र सावध. “वीस-सात बोलायला लावा, पण बाजारात कुणी वीस-सात रुपये मागत नाही. सत्तावीस यायलाच पाहिजे.”

१० जुलै, बुधवार

मटकीच्या वहीत दहातली आठ बरोबर आणि अदलाबदल एकही नाही. ती वर्गात फारशी बोलत नाही, म्हणून मी तिला ‘मध्यम’ गटात टाकलं होतं.

आज तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “सत्तावीस.” तिचे ओठ हलले. पुन्हा म्हणाले. पुन्हा हलले, मग तिनं २ लिहिला, मग ७. मी कान जवळ नेला. ती पुटपुटत होती, “इप्पत्तेळु.”

मला कन्नड येत नाही. मधल्या सुट्टीत मावशींना विचारलं. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “इप्पत्तु म्हंजे वीस. येळु म्हंजे सात.” छत्तीस? “मूवत्तारु. मूवत्तु तीस, आरु सहा.” बाहत्तर? “येप्पत्तेरडु.” सगळीकडे दशक आधी, एकक मागून. अगदी लिहितो तसं. वीस-सातवर महाराष्ट्रभर हसून झालं, आणि इथं शाळेच्या भिंतीपलीकडे निम्मा गाव पिढ्यान्‌पिढ्या तसंच मोजतोय.

म्हणजे मटकी मराठी आकडा ऐकते, मनात कन्नड करते आणि त्यावरून लिहिते. तिला वेळ लागतो, म्हणून मी तिला मध्यम समजले.

मात्र तिची दोन उत्तरं चुकली होती, २९ आणि ३९. तेही मावशींनीच सोडवलं. कन्नडमध्ये एकोणतीस म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस-नऊ. ‘एकोण’ हा प्रकारच नाही. मटकीला एकोणतीस हा शब्द दुसरीकडे कुठं नेऊन ठेवायलाच जागा नाही.

१२ जुलै, शुक्रवार

गठ्ठे तयार केले. खराट्याच्या काड्या, बोटभर लांबीच्या, ३००. दहा-दहाचे गठ्ठे बांधायला रबर. अध्यापक विद्यालयाच्या भिंतीवर बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या तसबिरी आहेत. १९४५ साली बोर्डीला त्यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ साली ते कोसबाडला गेलं. शंख, बिया, पानं, खडे हेच साहित्य, हे आम्ही परीक्षेत पाच गुणांना लिहितो. खराट्याच्या काड्या पाच गुणांपेक्षा जास्त त्रास देतात, हे कुठं लिहिलेलं नाही.

पहिली दहा मिनिटं तलवारबाजी. मग रबर उडवायची स्पर्धा. हुरड्यानं एक रबर थेट पहिलीच्या रांगेत पोचवलं. मी ओरडले. पहिलीतलं एक रडायला लागलं, माझ्या ओरडण्यानं, रबरानं नव्हे.

बाईंनी त्यांची जागा न सोडता सांगितलं, “आधी खेळू द्यायचं असतं, नव्या बाई. आज मोजायचं नाहीच असं ठरवून द्या काड्या. उद्या मोजतील.”

शनिवारी खरंच मोजल्या. हुरड्यानं ३४ काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या अशा मांडल्या, कुणी न सांगता. आणि वहीत लिहिलं ४३. काड्या बरोबर, आकडा उलटा. काड्यांचा दोष नाही आणि हुरड्याच्या समजेचाही नाही, हे त्यावरून कळलं. मग घोळ कुठं होतो?

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी, म्हणून आज शाळेची दिंडी. चिंचोका विठोबा झाला होता. त्याला दोन तास कमरेवर हात ठेवून उभं राहायचं होतं, तो पंधरा मिनिटं राहिला. गणित नाही.

१९ जुलै, शुक्रवार

आजची नोंद लांब होणार.

सकाळी वह्या कमी पडल्या, म्हणून त्याच संख्या पाटीवर घेतल्या. बोरनं दहातल्या आठ बरोबर लिहिल्या. वहीत तीन बरोबर होत्या. मला वाटलं शेजाऱ्याचं पाहिलं. त्याला पुढं बोलावलं, पाटी घेऊन एकट्यानं बसवलं. “सत्तावीस.” बरोबर. “अडुसष्ट.” बरोबर. लगेच वही दिली. “सत्तावीस.” ७२.

मी उत्तरंच पाहत होते. बाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “उत्तर नका बघू. हात बघा.”

पुन्हा पाटी. “सत्तावीस.” बोरनं पाटीच्या मधोमध ७ काढला. मग हात उचलून *डावीकडे* नेला आणि ७ च्या आधी २ काढला. पाटीवर दिसतं २७. तो ऐकतो तसंच लिहितो, सात आधी, पण दोनची जागा सातच्या डावीकडे असते हेही त्याला माहीत आहे. आपण ज्याला चूक म्हणतो त्यातलं त्याला सगळं येतं.

आता वही. चौकटीच्या वहीत तो समासाला लागून पहिल्या चौकटीपासून सुरुवात करतो, कारण आम्हीच सांगतो, जागा सोडू नका, कडेपासून लिहा. पहिल्या चौकटीत ७ गेला. डावीकडे समासाची लाल रेघ, आणि ती ओलांडायची नाही हाही आमचाच नियम. हात क्षणभर रेघेपाशी थांबला, मी स्वतः पाहिला, आणि मग उजवीकडच्या चौकटीत २ लिहिला. ७२.

५ जुलैच्या वह्या पुन्हा काढल्या. संख्या मी एकाखाली एक घेतल्या होत्या, सगळ्या समासाला चिकटून. फक्त करडई नावाच्या मुलीनं (आजपासून करडई) एक चौकट सोडून लिहिलं होतं, आणि त्यासाठी मी तिच्या वहीत ‘जागा सोडू नये’ असा शेरा मारला होता. तिची अदलाबदल एकच.

व्हरांड्यातला फळा जाऊन पाहिला. ‘हजर’चं घर. डावीकडे पांढरी रेघ. ३ जुलैला बोरनं रेघेला टेकून ७ लिहिला असणार. डावीकडे जागा नव्हती. चार उजवीकडे गेला.

पाटीवरच्या परीक्षेत आज बारा जणांची अदलाबदल १४. वहीत ३७ होती. दोन आठवड्यांचा सराव मध्ये झालाय, त्यामुळे सगळं श्रेय पाटीला देता येणार नाही. तरी.

२० जुलै, शनिवार

बाईंना विचारलं, दरवर्षीचं आहे म्हणालात, तर हात बघायचं तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, अक्षरांसाठी बघतात त्या. ‘अ’ कुठून सुरू करतो, ‘ण’ला आधी दांडा देतो का. आकड्यांसाठी कधी पाहिलं नव्हतं. “पस्तीस मुलांच्या वर्गात उत्तरच बघावं लागतं हो. इथं तेरा आहेत म्हणून.”

२३ जुलै, मंगळवार

दोन उपाय सुरू केले.

पहिला, ‘पेन्सिल वर’. संख्या पूर्ण ऐकून होईपर्यंत पेन्सिल हवेत. शेपटी ऐकायची: वीस, तीस की चाळीस. शेपटीचा आकडा आधी लिहायचा, मग डोकं. मुलांनी ‘शेपटी’ शब्द लगेच उचलला. सत्तावीसची शेपटी वीस, डोकं सात. हुरडा म्हणाला, “म्हंजे बाई, हे मागच्या पायानं चालतंय.”

दुसरा, कार्डं. गावातून जुन्या लग्नपत्रिका जमवल्या. कोऱ्या बाजूवर लांब कार्डावर १०, २०, ३०… आणि निम्म्या लांबीच्या कार्डावर १ ते ९. वीसचं लांब कार्ड खाली, सातचं आखूड त्याच्या शून्यावर. शून्य झाकलं, दिसलं २७. उचललं की शून्य पुन्हा आहे. हा उद्योग वीस-सात बोलायला लावल्यामुळे करावा लागला, कारण वीस-सातला तिघांनी वहीत २०७ लिहिलं. वीस म्हणजे २०, सात म्हणजे ७, लिहिले शेजारी शेजारी. म्हणजे नव्या पद्धतीलाही तिची स्वतःची चूक आहे. विनोद करणाऱ्यांना ती सापडली नाही.

‘डावीकडे एक चौकट सोडून लिहा’ हा उपाय सर्वांत सोपा होता. तो मी घेतला नाही. चौकट सोडली की उत्तर बरोबर येईल, पण हात तसाच उजवीकडून डावीकडे जाईल, आणि पुढच्या वर्षी तीन आकडी संख्येला पुन्हा रेघेपाशी अडेल. हे माझं मत. बाईंचं मत, चौकट सोडू द्या, बिचारी आनंदात तरी राहतील. बोरला आम्ही दोघींनी मिळून चौकट सोडायची मुभा दिली.

२६ जुलै, शुक्रवार

कॉलेजचे प्राध्यापक पाठ पाहायला आले. साडी नेसून गेले होते, पिन टोचत होती.

पाठ बरा चालला आहे असं मला वाटलं. मी दर दोन मिनिटांनी विचारत होते, “समजलं का?” आणि वर्ग म्हणत होता, “होऽऽ.” शेवटी एकेकाला विचारलं तर निम्म्यांना नाही. शेरा आला: ‘साहित्य उत्तम. फळ्यावरील ओळ वर चढते. समूह उत्तरांवर विसंबू नये.’ तिन्ही खरं.

‘होऽऽ’ हे उत्तर नाही, ते पाढ्यासारखं आहे. सूर लागला की येतं. मी ते ऐकलं की मलाही बरं वाटतं, म्हणून विचारते. आजपासून ‘समजलं का’ बंद. त्याऐवजी, “करून दाखवा.”

३० जुलै, मंगळवार

शेपटीचा खेळ ४८ पर्यंत सुसाट चालला. मग कोसळला.

बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, शेपटी स्वच्छ ऐकू येते. पण त्रेपन्नची शेपटी ‘पन्न’, बावन्नची ‘वन्न’, आणि ‘पन्नास’ कुठंच नाही. बासष्टमध्ये ‘साठ’ नाही, ‘सष्ट’ आहे. बाहत्तरमध्ये ‘सत्तर’चा ‘स’ जाऊन ‘हत्तर’ उरलं. ब्याण्णवमध्ये ‘नव्वद’ शोधावं लागतं. वर सगळ्यांत वाईट म्हणजे ‘सत्तर’ची सुरुवात सातासारखी आणि ‘सत्तावीस’चीही. चिंचोका सत्तरला ‘डोकं सात, शेपटी नाही’ म्हणाला आणि नुसता ७ लिहिला. चूक कशी म्हणू?

घरी ‘शेपट्यांचा तक्ता’ करायला घेतला. डावीकडे पूर्ण दशक, समोर त्याची बदललेली शेपटी: पन्नास, ‘वन्न, पन्न’. साठ, ‘सष्ट’. इथपर्यंत झालं आणि झोप आली.

१ ऑगस्ट, गुरुवार

एकोण.

कॉलेजात संस्कृतच्या मॅडमनी एकदा सांगितलं होतं, ऊन म्हणजे कमी, एक ऊन तीस. आपला ‘उणे’ तोच. दुसरीला ऊन सांगून चालणार नाही, त्यांना ऊन माहीत आहे ते जतचं, डोक्यावरचं.

तीस काड्यांचे तीन गठ्ठे मांडले आणि मटकीला सांगितलं, यातली एक काड. तिनं एक गठ्ठा सोडला, एक काडी काढून माझ्या हातावर ठेवली. उरले दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. मी हातातली काडी दाखवून म्हणाले, “तीसाला ही एक उणी. एक-उणे-तीस. एकोणतीस.” मटकीनं गठ्ठे पाहिले आणि म्हणाली, “इप्पत्तोंबत्तु.” मग हसली. महिन्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, तेही कन्नडमध्ये, आणि कुणी ‘मराठीत बोल’ म्हणालं नाही. मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

मग वर्गभर हाच खेळ. एकोणचाळीस, एकोणपन्नास, पार एकोणनव्वदपर्यंत. शेवटी करडईनं विचारलं, “मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही?”

मला माहीत नाही असं सांगितलं. तिनं मान हलवली आणि वहीत एकोणशंभर लिहून ठेवलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

उद्या नागपंचमी. मुली फेरांची गाणी म्हणत होत्या. आमच्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळा, नागपंचमीसाठी नाव असलेलं गाव, म्हणून फळ्यावर ते आकड्यात लिहायला सांगितलं. दोघांनी ‘२३ शिराळा’ लिहिलं. बाकीच्यांनी आरडाओरडा करून त्यांना ‘शेपटी! शेपटी!’ सांगितलं. हा आरडाओरडा मी मुद्दाम थांबवला नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

शेवटची चाचणी. त्याच दहा संख्या, चौकटीची वही, तेरा मुलं, १३० उत्तरं. बरोबर १०१. अदलाबदल ८. बाकी २१, त्यातल्या बहुतेक पन्नासच्या पुढच्या.

अहवालात ‘उपायांची परिणामकारकता’ असा रकाना आहे. त्याच दहा संख्या तिसऱ्यांदा घेतल्या, त्यामुळे त्या पाठही झाल्या असतील, हे मी त्यात लिहिलं आहे. बाई म्हणाल्या, तसं कशाला लिहिता, गुण कमी होतील. लिहिलंय.

उत्तरांपेक्षा मला हाताची नोंद महत्त्वाची वाटते. आज प्रत्येकाकडे बसून पाहिलं. आठ जण डावीकडून उजवीकडे लिहितात. चौघं अजून एकक आधी काढून मागं येतात, पण जागा राखून. बोर कधी असं, कधी तसं.

१४ ऑगस्ट, बुधवार

शेवटचा दिवस. उद्याच्या झेंड्यासाठी मैदानात फक्की टाकायचं काम चालू होतं. ३०० काड्यांतल्या २६० च्या आसपास उरल्या आहेत. रबर नऊ. बाकीची मावशींच्या मिरची-मसाल्याच्या पुड्यांना लागली.

हजेरीचा मान फिरत फिरत पुन्हा बोरकडे. गुरुजी म्हणाले, “एकोणपन्नास.” बोर फळ्यापाशी आला, खडू हवेत धरला आणि ओठ हलवत राहिला. मग ५ काढला. थांबला. तळहातानं पुसला. मागं वळून मला विचारलं, “बाई, उणं न्हवं?”

मी काही बोलले नाही. त्यानं डाव्या रेघेला टेकून ४ काढला आणि त्याच्या उजवीकडे ९.

मावशी बाहेर आल्या. पातेलं कमरेला. “एकोणपन्नास. आन्‌ ह्या बाई जेवनार न्हाईत व्हय आज? पन्नास कर की रं.” बोरनं नाही केलं. “त्या पटात न्हाईत,” म्हणाला.

दुपारी बाईंनी शेपट्यांचा तक्ता भिंतीला लावायला मागितला. म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्यांनाही होईल, पण साठपर्यंतच आहे, शंभरापर्यंत पुरा करून द्या. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात स्केचपेन घेऊन बसले. हत्तर झालं, ऐंशीचं ‘ऐंशी’ तसंच राहतं हे पाहून बरं वाटलं. नव्वदीत मात्र त्र्याण्णव लिहिताना मीच अडखळले, ‘त्र्या’ला रफार की रकार, आणि गुरुजींना जुनं पुस्तक काढून द्यायला लावलं. तेवढ्यात पावणेसहाची एसटी फाट्यावरून गेली. पुढची साडेसातला आहे.